कोठार भरलेले, ताटाचे काय?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावर, बिनतारी संदेशांचे काम शिकवणाऱ्या त्या ठाण्यावर, खलाशांनी न्याहारी नाकारली आणि कामावर जायलाही नकार दिला. अन्न नाही तर काम नाही, एवढीच त्यांची घोषणा होती. दोन-तीन दिवसांत संप कराची, मद्रास, कलकत्त्यापर्यंत पोचला. ७०हून अधिक जहाजे, किनाऱ्यावरचे अनेक तळ आणि सुमारे २० हजार खलाशी त्यात उतरले. वेढलेल्या खलाशांसाठी मुंबईकर गेटवेच्या धक्क्यावर खाण्याचे जिन्नस घेऊन आले. त्यांच्या पाठिंब्यासाठी शहर बंद झाले आणि गोळीबारात २००हून जास्त माणसे गेली. या उठावामागे आझाद हिंद सेनेचे खटले होते, गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ होती, पगारातला भेदभाव होता. इतिहासकारांनी हे सगळे लिहिले आहे आणि ते खरेच आहे. पण अन्नाची तक्रार म्हणजे निव्वळ निमित्त, असे मानणे चूक ठरेल. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगानेही खलाशांच्या गाऱ्हाण्यांत जेवणाची नोंद घेतली. नौदलाने शिधा ठरवून दिला होता आणि तो भांडारातून रोज निघतही होता. त्याचे ताटात काय होते, हे विचारणारा मात्र वरच्या बाजूला कोणी नव्हता.

लष्करी अन्नाचा इतिहास वाचताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सरकार शिपायाच्या अन्नाचा हिशेब कोठारात ठेवते. किती पीठ, किती डाळ, किती तूप, किती मांस दिले, याची नोंद काटेकोर असते. शिपायाने त्यातले किती खाल्ले, किती टाकले आणि त्याच्या अंगी किती लागले, याची नोंद जवळजवळ नसते. माझे म्हणणे असे की, आपल्या सैन्याच्या जेवणातले बहुतेक दोष पैशाच्या तुटीतून आलेले नाहीत, ते या अर्धवट हिशेबातून आले आहेत. कोठाराचा हिशेब फालतू आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणावैरण आताच बेहिशेबी उडवली तर पुढे घोडी मरतील, आणि माणसे रयतेच्या घरात शिरून दाणे-भाजी ओढून आणतील, असा त्याचा इशारा आहे. कोठार मोजले नाही तर त्याची झळ गावाला बसते, हे त्या पत्रात स्वच्छ दिसते. आपण मात्र हिशेबाचा पहिला टप्पा पक्का केला आणि दुसऱ्या टप्प्यावर कधी गेलोच नाही.

दुसऱ्या टप्प्याची गरज नसावी, असे वाटायला एक जुने कारण होते. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायाचे जेवण ही सरकारची जबाबदारीच नव्हती. शिपाई आपल्या पगारातून पलटणीच्या बाजारात दाणे घ्यायचा, आपल्या भांड्यात, आपल्या जातीच्या रिवाजाने शिजवायचा आणि बहुधा एकटाच खायचा. १८२४मध्ये ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी बराकपूरहून कूच करण्याचा हुकूम झाला, तेव्हा ४७व्या बंगाल पलटणीने आपली पितळी भांडी आणि सामान वाहायला बैल मागितले. बैल मिळत नव्हते, मिळत होते ते परवडत नव्हते, आणि दुसऱ्याच्या भांड्यात शिजवणे म्हणजे धर्म बुडणे. सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट यांनी या मागणीला बंड ठरवले आणि कवायतीच्या मैदानावर शिपायांवर तोफा डागल्या. भांड्यांच्या ओझ्यावरून सुरू झालेल्या तंट्याचा शेवट असा झाला. शांततेच्या काळातही शिपायाला सरकारी शिधा फुकट मिळायला पहिल्या महायुद्धापर्यंत, म्हणजे १९१७पर्यंत, थांबावे लागले. तोवरच्या दीडशे वर्षांत ताट ही शिपायाची खासगी बाब मानली गेली. पुढे शिधा सरकारचा झाला, तरी ती समजूत मागे राहून गेली.

या समजुतीची सर्वांत मोठी किंमत मोजली गेली ती इराकमधल्या कुत अल अमारा इथे. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढले. त्यात १०३वी आणि ११० वी महराठा लाइट इन्फंट्री आणि ११७वी महराठा या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे तैग्रिस नदीच्या वळणावर अडकली. कोठाराचा हिशेब इथेही आधी चुकला. धान्य थोडेच दिवस पुरेल, असे टाउनशेंडने सुरुवातीला कळवले. घराघरांची झडती घेतल्यावर पुष्कळ जास्त धान्य निघाले. दरम्यान ‘घाई करा’ या निरोपामुळे मदतीला निघालेली फौज तयारी पुरी होण्याआधीच मोर्च्यांवर धडकत राहिली. वेढा उठवण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली.

त्याहून बोलकी गोष्ट वेढ्याच्या आत घडली. धान्य आटत गेले तसे घोडे आणि खेचरे मारून मांस वाटणे सुरू झाले. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्ले, हिंदी सैनिकांनी बहुतांशी नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी यंत्रावर परवानगी मागवण्यात आली आणि ती आलीही. तरी बरेच दिवस शिपाई तयार होईना. गावी हे कळले तर आपल्या मुलीबाळींची सोयरीक कोण करणार, ही त्याची धास्ती होती आणि ती वेडेपणाची नव्हती. त्याला घोड्याच्या मांसाची शिसारी होती, त्याहून जास्त भीती पंक्तीबाहेर पडण्याची होती. हिशेबाच्या वहीत मांस ‘वाटले’ म्हणून जमा होत राहिले असेल, पण शिपायाच्या हिरड्यांतून रक्त येत होते. ताजे मांस आणि भाजीपाला नसल्याने हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. उलट गोऱ्या सैनिकांना मांस मिळत होते, पण पांढऱ्या पिठाच्या पावामुळे त्यांना बेरीबेरी होत होती. ते पीठ संपून त्यांना हिंदी सैनिकांसारखा आटा आणि सातू खावा लागला, तेव्हा ती कमी झाली. एकाच वेढ्यात दोन पंक्ती होत्या आणि दोन्हींचे रोग वेगळे होते. डिव्हिजनचे वैद्यकीय प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहर यांनी या रोगांची नोंद ठेवली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यांतली हजारो पुढे कैदेत मेली. अशक्त अंगाने वाळवंटातून चालायला लावले, तेव्हा आधीच्या पाच महिन्यांत कोणी काय खाल्ले होते आणि काय नाकारले होते, त्यावर पुष्कळांचे जगणे-मरणे ठरले.

या अनुभवातून लष्कराला एक दिशा मिळू शकली असती, आणि काही काळ मिळालीही. लष्करी वैद्यकीय सेवेतले रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी नीलगिरीतल्या कुन्नूर इथे आहारावर संशोधन केले. तीच प्रयोगशाळा पुढे १९५८मध्ये हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅक्कॅरिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार दिला, शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी, आणि सगळ्यांची वजने घेतली. गहू, दूध, डाळ, भाजी असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सर्वांत सशक्त निघाले, पॉलिश केलेल्या तांदळावरचे सर्वांत दुबळे. मराठ्यांच्या आहाराचा क्रम वरच्या अर्ध्यात लागला. ‘लढाऊ जमाती’ रक्ताने ठरतात, या समजुतीवर इंग्रजांची सगळी भरती चालत होती. ज्याला आपण रक्त म्हणतो त्यात दुधाचा, डाळीचा, हातसडीच्या दाण्याचा वाटा किती मोठा आहे, हे या वजनांनी दाखवले. मॅक्कॅरिसन यांनी स्वतः त्या समजुतीशी पुरती फारकत घेतली नव्हती, तरीही मोजमापाची त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांनी काटा पोत्याखालून काढून शरीराखाली ठेवला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला माणसे कमी पडू लागली आणि आजवर नाकारलेल्या जातींतली पोरे भरती झाली. काही महिन्यांच्या सरकारी जेवणावर या रंगरुटांची वजने वाढत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले.

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय सैन्याने एक गोष्ट अशी केली की, तिचे श्रेय आपण पुरेसे देत नाही. जातवार चुली गेल्या. जवानांच्या स्वयंपाकघराला सैन्यात सर्रास लंगर म्हणतात आणि त्या लंगरात एका पलटणीची माणसे एकाच कढईतले खातात. सणावाराला ‘बडा खाना’ होतो, तेव्हा कमांडिंग ऑफिसरपासून नव्या रंगरुटापर्यंत सगळे एकत्र जेवतात. ज्या देशात पाण्याच्या माठावरून आजही माणसे मारली जातात, तिथे ही साधी गोष्ट नाही. बराकपूरच्या त्या मैदानापासून इथवर येणे हा मोठाच पल्ला आहे. या लंगरामागे आर्मी सर्विस कोअरचे जाळे आहे. १७६०च्या कमिसरियटपर्यंत आपली परंपरा नेणारे हे दल पुरवठा डेपोंतून पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा ही कोरडी रसद आणि कंत्राटदारांमार्फत भाजी, फळे, दूध, मांस ही ताजी रसद पोचवते. म्हैसूरला १९६१पासून संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. महिनोन्महिने टिकणाऱ्या पाकिटांतला पुलाव-डाळ तिथे तयार झाला, राकेश शर्मांसाठी १९८४मध्ये अंतराळातला खाऊही तिथूनच गेला. लेहला १९६२पासून संरक्षण संशोधनातलीच दुसरी संस्था लडाखच्या थंडीत भाजी पिकवण्यावर काम करते. स्थानिक शेतकऱ्यांची भाजी तिथल्या लंगरांत जाऊ लागली आहे. त्यामुळे देश जवानाला उपाशी ठेवतो, असा आरोप मी करत नाही. तो खोटा ठरेल.

पण हिशेबाचा दुसरा टप्पा सुटला की काय होते, ते सियाचिनच्या उदाहरणात दिसते. १९८४च्या एप्रिलपासून आपली माणसे १८-२० हजार फुटांवर बसली आहेत. तिथे रसद हेलिकॉप्टरने जाते, पाणी बर्फ वितळवून मिळते, स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर होतो. त्या उंचीवर शरीराला जास्त उष्मांक लागतात आणि त्याच उंचीवर भूक मरते. म्हणून तिथल्या जवानांना नेहमीच्या शिध्याशिवाय विशेष राशन मिळते. २०२०च्या फेब्रुवारीत संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात या विशेष राशनाबद्दल एक गंभीर निरीक्षण होते. ठरलेला जिन्नस उपलब्ध नसेल तेव्हा त्याच्या जागी दुसरा दिला जात होता, पण बदली ठरवताना दोन्हींची किंमत जुळवली जात होती, उष्मांक नव्हेत. बदली जिन्नस महाग असला की तो कमी यायचा, आणि जवानाला मिळणारे उष्मांक काही बाबतींत ८२ टक्क्यांपर्यंत घटले. हा आकडा पूर्ण ताटाचा नाही, विशेष राशनाचा आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही नियम कसा होता ते पाहा. रुपयाला रुपया जुळला म्हणून वही बरोबर होती. यात कोणी चोरी केली असे मानायचे कारण नाही. सगळ्यांनी नियम पाळला, पण तो नियम मोजत होता दुसरेच काहीतरी. त्याआधी सुमारे दहा वर्षे याच यंत्रणेने रसद-साखळीचे परीक्षण केले, तेव्हा साठवणीची मुदत संपलेला शिधा मुदत वाढवून वापरल्याचे आढळले होते. तिथेही कोठाराला पोते हवे होते आणि पोते होते.

फक्त आपल्याच सैन्यात असे होते, असे नाही. अमेरिकेने मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथे सैनिकी अन्नावर संशोधनाची मोठी संस्था उभारली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार जेवणाची पाकिटे सैन्यात आणली. १९८३मध्ये हवाई बेटांवरच्या कवायतीत एका कंपनीला ३४ दिवस याच पाकिटांवर ठेवले. दिवसाला सुमारे ३,६०० उष्मांक दिले जात होते, सैनिक खात होते सुमारे २,२००. त्यांची वजने उतरली. गंमत अशी की अन्न चवीला चांगले असल्याची त्यांची ग्वाही होती. पुढे तीच पाकिटे बॉस्टनजवळच्या एमआयटीतल्या विद्यार्थ्यांना टेबलावर, बशा-चमच्यांसह, ४५ दिवस खायला दिली. ते ३,१००च्या वर उष्मांक खात होते. अन्न तेच, बदलली होती फक्त बसायची जागा, जेवायची वेळ आणि गरम करायची सोय. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९५मध्ये सैनिक दिलेले अन्न पुरेसे का खात नाहीत, या एकाच प्रश्नावर आख्खा ग्रंथ काढला. दिलेले आणि खाल्लेले यांत १,४०० उष्मांकांचे अंतर असू शकते, आणि ते मोजल्याशिवाय दिसत नाही, एवढे मला या प्रयोगातून घ्यायचे आहे.

इथे पहिला आक्षेप येतो की सैन्य म्हणजे हॉटेल नव्हे. लढाईत मिळेल ते खाऊन माणूस टिकला पाहिजे, लाडाने शिपाई घडत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते चुकीच्या जागी लावले जाते. टणकपणा कवायतीतून, थंडीतून, झोपेच्या तुटीतून येतो. अंगातले स्नायू झिजवून तो येत नाही. हवाईच्या त्या कंपनीतले सैनिक लाडावलेले नव्हते, तरीही उपाशीच होते. शिवाय हॉटेलशी तुलनाच अयोग्य आहे. हॉटेल आवडले नाही तर माणूस उठून दुसरीकडे जातो. चौकीवरच्या जवानाला दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणून त्याच्या ताटाची जबाबदारी जास्त आहे, कमी नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. अन्नाबद्दल तक्रारीला वाव दिला तर हुकूम मोडायची सवय लागेल, असे पुष्कळ जुनेजाणते अधिकारी मानतात. २०१७च्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाची चित्रफीत देशभर फिरली. करपलेली पोळी, पाण्यासारखी डाळ. त्याच्या बोलण्याचा गाभा असा होता की सरकार सगळे पाठवते, कोठारे भरलेली आहेत, ते आमच्यापर्यंत पोचत नाही. चौकशी झाली, खोट्या तक्रारीचा आणि शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्याला नोकरीतून काढले. तो खरा की चौकशी खरी, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही, आणि ते ठरवता येत नाही हीच माझी तक्रार आहे. त्या चौकीवर रोजचे शिजलेले अन्न, उरलेले अन्न, जवानांची दर महिन्याची वजने यांची साधी नोंद असती, तर तो जवान खोटा ठरला असता किंवा त्याचे वरिष्ठ. नोंद नव्हती म्हणून एका बाजूला मोबाइलवरची चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला हुद्दा, एवढाच सामना उरला. तो कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. सैन्यात ताटाकडे पाहणारे कोणी नसते असे नाही. ऑर्डर्ली ऑफिसर लंगरात जाऊन जेवण चाखतो, सैनिक संमेलनात जवानाला उभे राहून बोलता येते. कर्तबगार कमांडिंग ऑफिसर असेल तिथे एवढे पुरतेही. पण चाखणारा, शिजवून घेणारा आणि तक्रार ऐकणारा हे सगळे एकाच साखळीतले आहेत. ती पलटण सुदैवी असेल तर जेवण चांगले, नसेल तर नाही, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

मग पैसेच द्यावेत, असा तिसरा मार्ग सुचवला जातो आणि तो सरकारला सोयीचाही वाटतो. तो करून पाहिला गेला आहे. शांतता-क्षेत्रातल्या अधिकाऱ्यांचे मोफत राशन २०१७मध्ये बंद करून त्यांच्या खात्यात दिवसाला १०० रुपयांहून कमी भत्ता जमा होऊ लागला. दोन वर्षांत, २०१९मध्ये, राशन पुन्हा जिन्नसरूपाने सुरू करावे लागले. अधिकारी बाजारात जाऊ शकतात, त्यांची कुटुंबे बरोबर असतात. तिथे जे टिकले नाही ते चौकीवरच्या जवानाला कसे पुरेल? रक्कम महागाईच्या मागे पडत जाते, आणि रक्कम देऊन टाकली की ताटाशी सरकारचा संबंध संपतो. कंपनीच्या काळात नेमके हेच होते.

राहिला कागदपत्रांच्या ओझ्याचा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. कंपनी हवालदार मेजरच्या डोक्यावर आधीच वह्यांचा ढीग आहे. रोज प्रत्येक ताट मोजा, असे सांगणे वेडेपणाचे ठरेल. तशी गरजही नाही. तीन महिन्यांतून एका आठवड्यापुरते लंगरातले उरलेले अन्न वजन करून लिहिले तरी कोणता पदार्थ जवान टाकतात हे कळते. जवानांची वैद्यकीय तपासणी होतच असते. पलटणीच्या डॉक्टरकडे वजने असतात आणि लंगराची स्वच्छता पाहण्याचे कामही त्याच्याकडेच असते. त्याने एका पलटणीची सरासरी वजने आणि उरलेल्या अन्नाचा आकडा एकाच पानावर लिहून वैद्यकीय साखळीने वर पाठवावा, कमांडिंग ऑफिसरच्या सहीची वाट न पाहता. उंच ठाण्यांवर हे दर महिन्याला व्हावे. बदली जिन्नस ठरवताना उष्मांक आणि प्रथिने जुळवावीत, किंमत दुसऱ्या क्रमांकावर. गुप्ततेचे कारण इथे लावू नये. किती माणसे कुठे आहेत हे उघड न करता टक्केवारी देता येते.

या सुधारणेला लगेच हात घालता येईल अशी जागाही आहे. २०२३च्या मार्चमध्ये सैन्याने अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर भरडधान्य पुन्हा जवानांच्या शिध्यात आणले. तांदूळ आणि गव्हाच्या ठरलेल्या हिश्श्यापैकी २५ टक्क्यांपर्यंत बाजरी, ज्वारी, नाचणीचे पीठ उचलायला परवानगी मिळाली. मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या घरांतून आलेल्या जवानाला हे अन्न शिकवावे लागणार नाही, आणि ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही मोठे गिऱ्हाईक मिळू शकते. निर्णय चांगलाच आहे. पण भाकरी करणे आणि पोळी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. भाकरीचे पीठ ताजे लागते, जुने झाले की कडू लागते आणि थापताना तुटते. पाणी कढत लागते, हात सरावलेला लागतो, आणि शंभर माणसांची पंगत बसली असताना एकेक भाकरी थापायला वेळ लागतो. लंगरातल्या स्वयंपाक्याला हे जमले नाही, तर तो गव्हाच्या पिठात चिमूटभर नाचणी मिसळून मोकळा होईल, किंवा जाड, कोरड्या भाकऱ्या ताटातून परत येतील. वर्षअखेरीला पुरवठा डेपोंनी किती क्विंटल भरडधान्य उचलले, हा आकडा निघेलच. महालेखापरीक्षकांनी त्या आकड्याच्या शेजारच्या रकान्यात लंगरांतून परत आलेल्या भाकरीचे वजनही मागावे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही की तरतूद वाढवावी लागत नाही. लंगराच्या दाराशी एक काटा, त्यावरचा आकडा लिहून घेणारा माणूस आणि तो आकडा वर पाठवायचा हुकूम, एवढे पुरते.